शिळं पाणी

भारतीमावशी, तळवलीच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो आपल्या लॅबच्या ग्रुप फोटोतून कापून घेतलाय. तुझ्या उजव्या बाजूला पांढऱ्या कोटातला अर्धा खांदा राहून गेलाय, तो माझा. कापणाऱ्याने मला काढून टाकलं, पण मी पूर्ण निघाले नाही.

मी तुला 'तू' म्हणतेय. लॅबमध्ये नऊ वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मी 'मावशी, तुम्ही' म्हणायचे. तुमच्या गावात लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, म्हणून पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "मॅडम, तू जेवलीस का?" विद्यार्थी हसले. मी तुला बाजूला घेतलं आणि अगदी शांत आवाजात सांगितलं, की इथे 'तुम्ही' म्हणायचं असतं. त्या दिवसापासून तू मला 'तू' म्हणाली नाहीस, आणि 'तुम्ही'ही म्हणाली नाहीस. "चहा आनू का?" "बाटल्या धुवून झाल्या." "उद्या लवकर यायचं हाय का?" नऊ वर्षं तू माझ्याशी अशी बोललीस, समोरच्या माणसाला वाक्यात न घेता. परवा मी घरी तसं बोलून पाहिलं. दहा मिनिटंही जमलं नाही.

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. कॉलेजच्या वार्षिकात तुझ्यावर काहीतरी लिहा, असं मला सांगण्यात आलं, कारण तू सगळ्यात जास्त काळ माझ्या हाताखाली होतीस. 'हाताखाली' हा शब्द त्यांचा. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख असं लिहून मी एका बैठकीत मोकळी झाले असते. तू हसतमुख नव्हतीस. आणि मी जे केलं ते तिथे छापणार नाहीत, म्हणून हे तुलाच लिहितेय.

आपलं काम लोकांना सांगताना मी नेहमी भाजलेल्या माणसांपासून सुरुवात करायची. केसात एक प्रथिन असतं, केराटिन. ते केसातून पाण्यात उतरवायचं, स्वच्छ करायचं आणि त्याची जेलीसारखी पट्टी बनवायची. माणसाचंच असल्यामुळे माणसाच्या जखमेला ते परकं वाटत नाही. ऐकायला सोपं, पण केस पाण्यात विरघळत नाही. विरघळला असता तर अंघोळीला गेलेली बाई टकली होऊन बाहेर आली असती. हे वाक्य तुझं. मी ते दोन परिषदांत माझं म्हणून वापरलं आणि दोन्हीकडे लोक हसले.

केसाला घट्ट धरून ठेवणाऱ्या गंधकाच्या गाठी असतात. औषध घालून त्या सोडवायच्या, मग प्रथिन पाण्यात येतं. नंतर ते औषध काढून टाकायचं. त्यासाठी द्रावण एका पातळ पिशवीत भरायचं आणि पिशवी डिस्टिल्ड पाण्यात लोंबकळत ठेवायची. पिशवीच्या भोकांतून औषध बाहेर जातं, प्रथिन मोठं असल्यामुळे आत राहतं. नीट झालं तर आत फिक्या चहासारखं स्वच्छ द्रावण मिळतं. बिघडलं तर नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे.

केस तू आणायचीस. घणसोलीपासून खारघरपर्यंतच्या सलूनवाल्यांनी झाडून ठेवलेले केस, पोत्यात भरून, बसने. कंडक्टर वास येतो म्हणून भांडायचा. मग तू ते धुवायचीस, तेल काढायचीस, वाळवायचीस आणि बोटांत धरून वेगळे करायचीस. "ही मेहंदीवाली." "ह्या पोरीने सरल करून घेतलेत, याचं पानी चांगलं नाय होनार." सरळ करायच्या क्रीममध्येही त्या गंधकाच्या गाठीच सोडवतात, त्यामुळे त्या केसांची मुळातच वाट लागलेली असते. मला ते यंत्रावर कळायला आठवडा लागायचा. तुला चिमटीत कळायचं. मी तुझ्याकडून ते शिकले आणि विद्यार्थ्यांना शिकवताना कोणाकडून शिकले ते सांगितलं नाही.

आणि तुझे केस. तुलना करायला कोरे केस हवे होते. रंग नाही, मेहंदी नाही, क्रीम नाही. लॅबमधल्या एकाही मुलीचे तसे नव्हते, माझेही नव्हते. तुझी वेणी कमरेच्या खाली जायची. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशी, तुमचे द्या की." हसत म्हटलं. त्याच आठवड्यात तुझं कंत्राट वाढवायचा कागद माझ्या सहीसाठी टेबलावर पडला होता. तो मी काही दाखवला नाही, पण तिथून उचललाही नाही. दुसऱ्या दिवशी तू हातभर केस वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेस. बांगड्या आणतात तसे, दोन्ही हातांत धरून. वेणी आता पाठीच्या मध्यावर आली होती. "नवरा काय म्हनाला?" असं एका मुलीने तुझी नक्कल करत विचारलं. तू म्हणालीस, "तो जाऊन सात वर्सं झाली." मी तेव्हा काचेच्या नळीवर चिठ्ठी चिकटवत होते. चिठ्ठीवर लिहिलं, 'कोरे केस, स्त्री, वय ४६.' तुझा नवरा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत तू माझ्याकडे सहा वर्षं काम करत होतीस.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आपल्यात प्रेम नव्हतं. होतं. माझी आई वाशीला दवाखान्यात होती तेव्हा वीस दिवस तू तांदळाच्या भाकऱ्या आणल्यास, फडक्यात बांधून. आम्ही साताऱ्याकडचे, आईला ज्वारीशिवाय घास उतरत नसे, पण तुझी भाकरी ती खायची. शेवटच्या दिवसांत ती माझ्यापेक्षा तुझी वाट जास्त बघायची. मला ते आवडलं नाही, हेही आजच सांगून टाकते.

मग ते सोमवार सुरू झाले. आठवड्यात मधल्या दिवशी केलेलं द्रावण नीट व्हायचं. सोमवारी लावलेलं हटकून नासायचं. पिशवीच्या तळाशी पांढरा गाळ. चार महिने असं चाललं. प्रकल्पाचा अहवाल द्यायचा होता, आणि माझ्याकडे दाखवायला गाळ होता. मी विचार केला: शनिवारी भांडी कोण धुतं? तू. म्हणजे साबण राहतो.

मी तुला विचारलं तेव्हा तू नळाखाली हात धरून उभी होतीस. म्हणालीस, "भांडी साफ हायत. पानी शिलं हाय."

"काय?"

"शुक्रवारी भरलेलं पानी सोमवारी वापरायचं, ते शिलंच होनार. झाकन पन नाय त्याला."

"मावशी, डिस्टिल्ड वॉटर शिळं होत नसतं. त्यात काही नसतंच शिळं व्हायला."

"हवा लागते ना."

विद्यार्थी हसले. या वेळी मी त्यांना हसू दिलं. त्यानंतर महिनाभर लॅबमध्ये कोणी बाटली उचलली की दुसरा म्हणायचा, "बघ रे, शिळं नाय ना?" आणि पुन्हा हसायचे. तू ऐकायचीस आणि मोरीकडे तोंड करून काम करायचीस.

पाणी भरून ठेवायच्या कॅनचं झाकण मीच काढलं होतं. नळी बसत नव्हती म्हणून. कुठे ठेवलं ते मला आठवत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस एका मुलाने पोतं उचलायला कां कूं केलं, आणि तू त्याला म्हणालीस, "लाज कसली? मॅडमचे वडील मार्केटला गोनी उचलायचे पाठीवर. मॅडम झाली का नाय मोठी?" तू मला मोठं करायला बोललीस, हे मला तेव्हाही कळत होतं. माझे वडील तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत मी वाढले. हे मी आईच्या उशाशी बसून तुला एकदा सांगितलं होतं, आणि कॉलेजात कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या नजरेत तुच्छता नव्हती, नुसतं कुतूहल होतं. तेही मला सहन झालं नाही.

तक्रार मी त्याच दुपारी लिहिली. 'साफसफाईत वारंवार हयगय, त्यामुळे प्रयोगांचे नुकसान.' साबणाचा पुरावा माझ्याकडे नव्हता. कोणी मागितलाही नाही. मॅडमनी लिहिलंय म्हटल्यावर झालंच. तुला लॅबमधून काढून हॉस्टेलच्या संडास-बाथरूमवर टाकलं, आणि वर्ष संपल्यावर कंत्राट वाढवलं नाही. जायच्या दिवशी तू लॅबच्या दारात आलीस, चाव्या टेबलावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "भांडी साफ होती." मी स्क्रीनकडे बघत "बरं" म्हटलं.

तू गेल्यावरही सोमवारच्या पिशवीत गाळ यायचाच. मुलं भांडी तीन-तीनदा धुवायची, तरी यायचा. आठ महिन्यांनी एका सकाळी मी दुसऱ्याच कामासाठी पीएच मीटर काढला होता. तो धुवायला शुक्रवारच्या कॅनमध्ये बुडवला आणि सहज आकडा बघितला. पाणी आंबट होतं. लिंबासारखं नाही, पण असायला नको तेवढं. मग यंत्रातून ताजं पाणी काढून उकळलं, झाकून गार केलं आणि मोजलं. ते ठीक होतं.

हवा लागली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड उघड्या पाण्यात विरघळतो आणि पाणी हळूहळू आम्ल होत जातं. हे बारावीच्या पुस्तकात असतं. प्रथिनाच्या कणांवर विजेचा भार असतो, त्या भारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि पाण्यात तरंगत राहतात. औषध निघून गेल्यावर पिशवीतलं द्रावण बाहेरच्या पाण्यासारखं होत जातं. बाहेर आम्ल असलं की भार उतरतो, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, खाली बसतात. सगळा हिशोब माझ्या डोक्यात एका मिनिटात लागला, कारण त्यातलं प्रत्येक पाऊल मी वर्गात शिकवत होते.

मी स्टुलावर बसले. दोन मुलं आली, त्यांना मी परत पाठवलं. मग उठून ताज्या पाण्यात नवीन पिशवी लावली, तुझ्या केसांची. दोन दिवसांनी पिशवीत फिका चहा होता. त्याची पट्टी इतकी सुरेख जमली की त्यावरच आमचा पेपर झाला. पद्धतीच्या भागात मी इंग्रजीत एक ओळ घातली, की पाणी ताजं उकळून, झाकून गार केलेलं असावं. आभारात कॉलेज आलं, पैसे देणारं खातं आलं, फोटो काढून देणारा मुलगाही आला. तू नाही आलीस. तुला फोन करावा असं वाटलं होतं. नंबर काढला होता. मग मनात म्हटलं, ती आता दुसरीकडे लागली असेल, जुनं कशाला उकरायचं.

तू कुठेच लागली नव्हतीस. दोन कॉलेजांनी आमच्याकडे विचारलं, आणि ऑफिसने फाईल बघून तक्रारीचं सांगितलं, ते मला नंतर कळलं.

तू आजारी आहेस हे हॉस्टेलच्या वॉचमनने सांगितलं. पोटात गाठ, आणि फार पुढे गेलेली. मी सफरचंदं घेऊन तळवलीला आले. गल्लीत तुझं घर विचारलं तर एका बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "भारतीची मॅडम का?" आणि हनुवटीने दार दाखवलं.

तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस. वेणी परत कमरेपर्यंत आली होती, पण विरळ. तुझी मुलगी रूपाली चहा ठेवायला आत गेली. मी सांगायलाच आले होते, मावशी. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. पण तूच आधी बोललीस.

"पानी कशाने नासत होतं, ते कलला का तुला?"

इतक्या वर्षांनी तू मला 'तू' म्हणालीस. आवाजात राग नव्हता. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, आपल्या कामात शेवटी काय झालं ते.

मी म्हणाले, "नाही हो मावशी. कळलंच नाही शेवटपर्यंत."

का म्हणाले, याचं मी रोज नवं कारण शोधते. तुला त्रास होईल, ही वेळ नव्हे, रूपाली आत आहे. यातलं एकही खरं नाही. खरं एवढंच, की हो म्हटलं असतं तर तू पुढे 'कवा कलला?' विचारलं असतंस, आणि मला 'दीड वर्षापूर्वी' असं म्हणावं लागलं असतं.

तू मान हलवलीस. "आसंल काहीतरी," म्हणालीस आणि खिडकीकडे बघायला लागलीस. मी चहा पिऊन निघाले. नाक्यावर आल्यावर मला भूक लागली होती. वडापाव घेतला आणि उभ्याने खाल्ला, चवीने खाल्ला. माणूस असं असतं. निदान मी अशी आहे.

अकरा दिवसांनी तू गेलीस.

तेराव्याला मी आले. जेवणं चालू होती. रूपाली वाढत होती, माझ्या पानात तिने काही वाढलं नाही आणि मीही मागितलं नाही. गर्दी कमी झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. माझ्या तक्रारीची प्रत. रेशनकार्डाबरोबर ठेवली होती तू.

"तुमी येऊन गेल्यावर आईचं एकच चाललं होतं," ती म्हणाली. "'मीच साबन ठेवला आसंल का गो त्यात? मॅडमला पन दुसरं काय सापडलं नाय.' रोज विचारायची. पोटात एवढं दुखायचं आनि हात असे चोलायची, नलाखाली धरल्यासारखे. शेवटच्या दिवशी बोलली, 'माजीच चूक आसंल.'"

मावशी, ज्या नोकरीतून मी तुला काढलं, त्यात तू माझ्यापुढे हरली नव्हतीस. दारात उभी राहून "भांडी साफ होती" म्हणून गेली होतीस. ते तुझ्याकडून मी नंतर काढून घेतलं, तुझ्याच घरी, तुझा चहा पिता पिता.

मी रूपालीला सगळं सांगितलं. पाणी, हवा, झाकण, पेपर, तारखेसह. संपल्यावर तिने विचारलं, "हे तुमाला माहीत होतं, तेव्हा तुमी हितं बसला होता?"

"हो."

"त्या पलंगासमोर."

"हो."

ती रडली नाही. म्हणाली, "मला लिहून द्या. कॉलेजच्या कागदावर. ह्या कागदाच्या शेजारी ठेवायला."

मी "बघते" म्हणाले. 'बघते' म्हणाले मी, तुझ्या तेराव्याला. नऊ दिवस नुसती बघत बसले. शेवटी काल चार ओळी टाइप केल्या आणि प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, त्या बाई वारल्या ना?"

"हो."

"मग आता हे कोणासाठी?"

"फाईलसाठी."

"फाईल केव्हाच बंद झालीय. तुमचं प्रमोशन तोंडावर आहे, उगाच टेन्शन कशाला घेता? चांगला लेख लिहा ना त्यांच्यावर."

मला बरं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं, अगदी स्पष्ट. मी "ठीक आहे सर" म्हणून बाहेर आले, आणि जिन्यात त्या बरं वाटण्याची मला किळस आली. आवक खिडकीवर जाऊन मी पत्रावर शिक्का मारून घेतला, एक प्रत तिथे दिली आणि दुसरी घेऊन तळवलीला आले.

रूपालीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच पत्र वाचायला घेतलं. मला आत या म्हणाली नाही. एकदा वाचलं, मग बोट ठेवून परत वाचलं. मग ते बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"'सदर प्रकरणी चूक झाली होती.' कोनाची?"

"ते कळतंय ना त्यात, रूपाली."

"आईला नाय कललं."

मी पेन काढलं. कागद भिंतीला टेकवून 'चूक'च्या आधी 'माझी' लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. तिने बघितलं.

"माझी म्हनजे कोनाची? नाव लिहा. पूर्ण."

मी नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. तिने ते ओठ हलवत वाचलं आणि कागद मला परत दिला.

"असं खाडाखोड केलेलं नको," ती म्हणाली. "उद्या परत टाइप करून, शिक्का मारून आना. मी संध्याकाली सातला घरी असते."